आधीं आचार कीं आधीं अंतःकरण?

चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांच्या खेड्यापाड्यांत जेथें चार ख्रिस्ती घरें आहेत, तेथें एक प्रश्न कधीं ना कधीं निघतोच. एक गृहस्थ दर रविवारीं उपासनेस येतो. गीतांचें पुस्तक त्याच्या बगलेंत असतें, सुगीनंतर धान्याचा वांटा तो न चुकतां आणून घालितो, उत्तम शुक्रवारीं उपवास करितो. पण शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशीं त्याचें बोलणें तीन वर्षें बंद आहे. दुसरा गृहस्थ प्रार्थनामंदिरांत वर्षांतून एकदोन वेळां दिसला तर दिसला. परंतु कोणाचा बैल चिखलांत रुतला, कोणाच्या घरीं मयत झाली, कीं तो सर्वांच्या आधीं हजर. ह्या दोघांत खरा ख्रिस्ती कोणता? लोक हें उपदेशकास विचारितात, आणि उपदेशक बिचारा घोटाळ्यांत पडतो. पहिल्यास नांवें ठेवावीं तर मंदिर ओस पडण्याचें भय. दुसऱ्यास नांवें ठेवावीं तर त्याचें स्वतःचेंच मन त्यास साक्ष देत नाहीं.

ह्यावर एक तयार उत्तर आहे. देव अंतःकरण पाहतो, मग बाहेरच्या गोष्टींचें काय? इशायाच्या थोरल्या मुलाची उंची व रूप पाहून शमुवेल भुलला, पण देवानें मेंढरांमागें गेलेल्या धाकट्यास निवडलें. हें उत्तर खरें आहे. परंतु खरें नाणेंही फार हातांतून फिरलें म्हणजे गुळगुळीत होतें, तसें ह्याचें झालें आहे. ज्यास रविवारीं उठण्याचा कंटाळा तोही म्हणतो, माझी भक्ति मनांत आहे. ज्यास वर्गणी द्यावयाची नाहीं तोही तेंच म्हणतो. म्हणून प्रिय वाचकहो, ह्या प्रश्नाचा थोडा अधिक खोल विचार करूं.

भद्रावती हें गांव, ज्यास जुनीं माणसें भांदक म्हणत, ह्या बाबतींत फार बोलकें आहे. विजासनच्या टेकडीच्या पोटांत खोल लेणीं कोरलेलीं आहेत व आंत बुद्धाच्या मूर्ति आहेत. गांवांत भद्रनागाचें देऊळ आहे. पार्श्वनाथाच्या जैन मंदिरास दूरदूरचे यात्रेकरू येतात. तीन मार्गांच्या लोकांनीं येथें शेंकडों वर्षें आपली भक्ति दगडांत घडविली. हें पाहून आपल्यापैकीं कित्येक जण मनांत म्हणतात, आम्हांस ह्यांतलें कांहीं नको. आम्ही बाह्याचारांतून सुटलों. मला हें बोलणें दोन कारणांनीं आवडत नाहीं. ज्यांनीं अंधारांत दिवा लावून एवढा खडक फोडला, त्यांचें अंतःकरण त्यांत नव्हतें असें ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? आणि दुसरें, आपण सुटलों कोठें आहों? मूर्ति गेली, पण हजेरीपट आला. नाताळचे नवे कपडे आले. प्रार्थना लांबविण्याची चढाओढ आली. वडिलांच्या बांकावर कोणीं बसावें ह्याचा वाद आला. नांव बदललें म्हणजे मनुष्य बदलला, हा समज तर आलाच आला. दगडाचा आचार निदान डोळ्यांस दिसतो. आपला आचार आपणांस दिसत नाहीं, इतकाच भेद.

महाराष्ट्रांत हा प्रश्न जितका पंडिता रमाबाईंच्या आयुष्यांत उघड दिसतो, तितका दुसऱ्या कोणाच्या आयुष्यांत क्वचितच दिसेल. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, आणि भक्तिमानही. त्यांनीं बायकोस व मुलीस संस्कृत शिकविलें म्हणून लोकांची बोलणीं सोसलीं. हें कुटुंब वर्षानुवर्षें तीर्थें करीत, देवळांत पुराणें सांगत देशभर हिंडलें. दुष्काळ पडला तेव्हां जवळचें होतें नव्हतें तें दानधर्मांत गेलें. उपास, स्नानें, जप ह्यांत कसर राहिली नाहीं. तरी आईबाप व बहीण अन्नावांचून खंगून गेलीं. हें सांगतांना कोणीं असें समजूं नये कीं त्यांची भक्ति खोटी होती. रमाबाईंनीं वडिलांविषयीं शेवटपर्यंत आदरानें लिहिलें. मुलीच्या मनांत प्रश्न राहिला तो भक्तीविषयीं नव्हे. एवढी भक्ति ज्या आचारांच्या स्वाधीन केली, त्या आचारांविषयीं होता.

पुढें त्या १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या, आणि त्याच वर्षीं २९ सप्टेंबरास वाँटेज येथें आपल्या लहान मुलीसह त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडील कथा पुष्कळदां येथेंच संपविण्यांत येते. उपदेशक पुस्तक मिटतो, लोक गीत म्हणतात. परंतु रमाबाईंची खरी अडचण तेथूनच सुरू झाली. वाँटेजच्या मठांतील सिस्टर जेराल्डिन ह्यांचें रमाबाईंवर आईसारखें प्रेम होतें. तरी दोघींचा पत्रव्यवहार वाचला म्हणजे जागोजागीं खटका उडालेला दिसतो. रमाबाई मांसाहार करीत नसत, अंडें घातलेला पदार्थही खात नसत. सिस्टरांस वाटे, हा ब्राह्मणपणाचा ताठा अजून गेला नाहीं. लॅटिन अक्षरें कोरलेला क्रूस गळ्यांत घालावयाचा होता; रमाबाईंनीं विचारिलें, जी भाषा मला येत नाहीं व माझ्या देशबांधवांसही येत नाहीं ती कां? आमच्या संस्कृतांत काय उणें आहे? तसेंच मंडळीचीं सारीं मतें, केवळ अधिकाऱ्यांनीं सांगितलीं म्हणून, डोळे मिटून मान्य करण्यास त्यांनीं नकार दिला.

आतां येथें कोण बरोबर होतें? सिस्टरांस वाटत होतें कीं बाहेरून वळण लागलें म्हणजे आंतून वळण लागेल. ही समजूत अगदींच टाकाऊ नाहीं. आपण मुलांस गुडघे टेकावयास शिकवितों तें ह्याच समजुतीवर. रमाबाईंचें म्हणणें असें कीं जें वळण माझ्या समजुतीच्या दारांतून आंत आलें नाहीं, तें माझें नव्हे. मला वाटतें, ताटाच्या बाबतींत सिस्टरांची मोठी चूक झाली. जेवणांत काय वाढलें ह्यावर त्यांनीं गर्व मोजला. परंतु पुढें केडगांवीं जिनें सर्व जातींच्या, टाकलेल्या, रोगी मुलींस एका घरांत घेतलें, तिच्या ताटांत मांस नव्हतें म्हणून ती गर्विष्ठ, हें कोणास पटेल? गर्व ताटांत काय आहे ह्यांत नसतो. शेजारच्या ताटावर कोण बसलें आहे हें पाहण्यांत असतो.

मात्र रमाबाईंनीं स्वतःसही सोडलें नाहीं. मुंबईस १८८९ त शारदासदन काढलें. विधवांस आसरा मिळाला. देशांत व परदेशांत नांव झालें. त्यांच्या ख्रिस्तीपणांत बाहेरून पाहणारास कसलीही उणीव दिसली नसती. तरी १८९१ च्या सुमारास त्यांस जाणवलें कीं, बाप्तिस्म्यास आठ वर्षें झालीं, हातीं धर्म आला, पण ज्याच्यासाठीं तो धर्म त्याची भेट अजून झालीच नाहीं. अशा अर्थाची कबुली त्यांनीं पुढें आपल्या साक्षींत सर्व जगापुढें लिहून ठेविली. आठ वर्षें! आपल्या मंडळ्यांत ज्यांच्या बाप्तिस्म्यास वीस किंवा चाळीस वर्षें झालीं, त्यांनीं ह्या आंकड्यापाशीं थोडें थांबावें.

आणि त्या भेटीनंतर काय झालें? त्यांनीं आचार सोडले काय? सोडले नाहींत, उलट काम दुणावलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत आल्या, आणि आपला हा जिल्हा त्या वेळीं त्याच प्रांतांत होता. तेथून शेंकडों उपाशी मुली व बायका त्यांनीं आपल्याकडे नेल्या. ज्या मुलीनें स्वतः दुष्काळांत आईबाप घालविले, ती दुष्काळ ऐकून घरांत बसूं शकली नाहीं. पुढें शेवटचीं वर्षें त्यांनीं इब्री व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास करून साध्या बाईस समजेल अशा मराठींत बायबल उतरविण्यांत घातलीं. खिळे जुळविणें व छापणें मुक्तिसदनांतल्या बायकांनींच केलें. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ सालीं बाहेर पडलें. गळ्यांतल्या लॅटिन अक्षरांस जिनें हरकत घेतली, तिनें ती हरकत वादावर सोडली नाहीं.

१९०५ सालीं मुक्तिसदनांत मोठी जागृति झाली. मुली तासच्या तास मोठ्यानें रडत व प्रार्थना करीत. ह्याविषयीं तेव्हां बरीच मतें पडलीं. मी येथें एवढेंच म्हणतों कीं अश्रु हेही बाहेरचेच असतात. एका सभेंत चार जण रडले म्हणजे पुढच्या सभेंत न रडणाऱ्यास चोरट्यासारखें वाटूं लागतें, आणि मग रडणें हाही एक नवा विधि होऊन बसतो.

आतां दुसऱ्या एका बाईची गोष्ट, जिचा क्रम अगदीं उलटा आहे. लक्ष्मीबाई टिळक सोंवळ्याओंवळ्याच्या घरांत वाढल्या. वडिलांस त्याचें इतकें वेड कीं बाजारांतून आलेले जिन्नस धुतल्याखेरीज घरांत येत नसत. पति नारायण वामन टिळक ह्यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांच्यावर आकाश कोसळलें. पुढें कांहीं वर्षांनीं त्या नवऱ्याजवळ राहावयास आल्या, पण आपलें सोंवळें घेऊन आल्या. कोणीं त्यांस जबरदस्ती केली नाहीं. मग त्यांनीं स्वतःशींच विचार केला: पशूंत देवानें जाति निरनिराळ्या केल्या त्या अंगावरून ओळखूं येतात, माणसांत तशी खूण कोठें आहे? विचार पक्का होतांच त्यांनीं कोणाच्याही हातचें पाणी व अन्न घेण्याचें ठरविलें, आणि घेतलें. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० सालीं. हें सारें त्यांनीं "स्मृतिचित्रें" ह्या पुस्तकांत इतक्या मोकळेपणीं लिहिलें आहे कीं वाचणारास हंसूं येतें आणि हंसतां हंसतां लाजही वाटते.

एकीस पाणी आधीं मिळालें व हृदय मागून; दुसरीचें हृदय आधीं पालटलें व पाणी मागून आलें. तेव्हां आधीं आचार कीं आधीं अंतःकरण, ह्या प्रश्नास एकच उत्तर नाहीं. देव कोणास अंगणांतून घरांत नेतो, कोणास घरांतून अंगणांत आणतो. परंतु दोघींत एक गोष्ट सारखी आहे. पालट खरा झाला तो ओळखूं आला दुसऱ्या माणसाशीं झालेल्या व्यवहारांत. एकीच्या घराचें दार दुष्काळांतल्या पोरींस उघडलें. दुसरीनें परक्याच्या हातचें पाणी प्यालें. मनांतली गोष्ट मनांतच राहिली नाहीं.

भद्रावतीचें मातीकाम प्रसिद्ध आहे. बाजारांत मडकें घेणारी बाई काय करिते? ती रंग पाहते, आकार पाहते. पण पैसे देण्यापूर्वीं बोटानें टिचकी मारिते आणि कान देते. तडा आंत असतो, आवाज बाहेर येतो. मनुष्यालाही अशा टिचक्या बसतात. नुकसान, अपमान, वडिलांच्या मिळकतीची वांटणी, पंगतींत मिळालेली जागा, ह्या त्या टिचक्या होत. रविवारच्या उपासनेंत टिचकी बसत नाहीं. तेथें सर्व मडकीं रांगेनें मांडून ठेविलेलीं असतात आणि सारींच चांगलीं दिसतात.

प्रभु येशूनें परूश्यांस दोष दिला तो पुदिना, बडीशेप व जिरें ह्यांचाही दशमांश मोजून देण्याबद्दल नव्हे; न्याय, दया व विश्वास सोडून दिल्याबद्दल दिला. जिरें मोजूं नका असें तो म्हणाला नाहीं, हें आपण विसरतों. परंतु दुसऱ्या ठिकाणीं त्यानें जें सांगितलें तें ह्याहून धाडसाचें आहे. तूं वेदीपाशीं अर्पण घेऊन उभा आहेस, तेथें तुझ्या भावाचें तुझ्याविरुद्ध कांहीं आहे असें आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेव, आधीं भावाकडे जा, मग येऊन अर्पण कर, असें तो सांगतो. उपासना अर्ध्यावर थांबवावयास सांगणारा गुरु विरळाच! आणि लक्षांत घ्या, तुझें भावाविरुद्ध कांहीं असेल तर, असें तो म्हणत नाहीं. भावाचें तुझ्याविरुद्ध असेल तर, म्हणतो. चूक कोणाची हें ठरेपर्यंत थांबावयाचें नाहीं.

मला वाटतें, सर्व बाह्याचारांस हीच कसोटी लावावी. जो आचार भावासाठीं मध्येंच थांबवितां येतो, तो देवाचा. ज्याच्यासाठीं भावास थांबवून ठेवावें लागतें, तो आपला.

ह्या कसोटीनें पाहिलें असतां आपल्या देशांतील मंडळ्यांचा इतिहास सगळाच अभिमान बाळगण्याजोगा नाहीं. तमिळ मुलखांतील कित्येक मंडळ्यांत बसण्याच्या जागा जातीवरून ठरत. प्रभुभोजनास आधीं कोणीं जावें व मागाहून कोणीं, हेंही जातीवरून ठरे. १८३३ सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन ह्यांनीं पत्र लिहून बजाविलें कीं मंडळींत जातिभेद चालतां कामा नये. तेव्हां तंजावर व मद्रासकडे पुष्कळ जण मंडळी सोडून गेले, पण जात सोडण्यास तयार झाले नाहींत. त्यांस प्रार्थना येत नव्हत्या असें नाहीं. भाकर व प्याला त्यांस प्रिय नव्हता असेंही नाहीं. मात्र त्या प्याल्यास आपल्या आधीं कोणाचे ओठ लागले, हें त्यांस अधिक महत्त्वाचें वाटलें. आपल्याकडे एवढें उघड कोणी करीत नाहीं. पण नव्यानें आलेल्या घराची बाई सतरंजीच्या कडेस कां बसते, आणि लग्न ठरवितांना पहिला प्रश्न कोणता विचारिला जातो, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.

आपल्या शेजाऱ्यांचे डोळे ह्या बाबतींत फार तीक्ष्ण आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास व १६ ऑक्टोबरास चंद्रपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या अनुयायांस बौद्ध धर्माची दीक्षा दिली. त्या वेळीं घेतलेल्या २२ प्रतिज्ञांत अमुक देवास भजणार नाहीं एवढेंच नव्हतें. चोरी करणार नाहीं, खोटें बोलणार नाहीं, दारू पिणार नाहीं, हेंही होतें. त्या मैदानावर उभ्या राहिलेल्यांचीं नातवंडें आज आपल्या शेजारीं राहतात. धर्म बदलण्याचा दिवस सोपा असतो व दुसरा दिवस कठीण असतो, हें त्यांस कोणीं शिकवावयास नको. आपल्या उपासनेंत ते येत नाहींत, तरी आपल्या सतरंजीची कड त्यांस दिसते.

उपदेशकबंधूंस एक शब्द निराळा सांगावयाचा आहे. ज्याचें पोट उपासनेवर चालतें त्यास ह्या प्रश्नाची धार अधिक लागते. बाजारच्या दिवशीं मन नसतांही प्रार्थना म्हणावी लागते; ताप असतांही हजेरी भरावी लागते; आणि वर कोणी विचारितो, गेल्या वर्षीं किती जण वाढले? टिळकांसही हें सलूं लागलें. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली व "देवाचा दरबार" मांडला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांसही जागा होती. दोन वर्षांतच, १९१९ च्या मे महिन्यांत, ते वारले. प्रत्येकानें पगार सोडावा असें मी म्हणत नाहीं. घरीं लेंकरें आहेत, आणि पगार घेऊन निष्ठेनें खेड्यांत झिजलेलीं माणसें मला ठाऊक आहेत. परंतु जी प्रार्थना मन नसतां म्हटली ती ढोंगाची, असेंही मी मानीत नाहीं. आई पहांटे कंटाळली असतांही भाकर थापिते. ती भाकर खोटी नसते. ढोंग तेव्हां होतें, जेव्हां मन नाहीं हें देवासही कळूं नये अशी आपण खटपट करितों.

राहिला तो दुसरा गृहस्थ, बैल ओढून काढणारा. त्याचें कौतुक करून त्यास सोडून देणें बरें नव्हे. तो कां येत नाहीं हें त्यास कधीं कोणीं विचारिलें आहे काय? कदाचित् त्याच्याच बायकोस सतरंजीची कड मिळाली असेल. कदाचित् पहिल्या गृहस्थाचा तो भाऊ त्याचा मित्र असेल, आणि मंदिरांत मित्राच्या वैऱ्याचें तोंड पाहण्याची त्याची इच्छा नसेल. हीं कारणें ऐकण्याजोगीं आहेत. पण त्याच्यापाशींही एक उणेपण असूं शकतें. तो सर्वांच्या उपयोगीं पडतो, पण कोणाचें कांहीं घेत नाहीं. सर्वांच्या मयतीस खांदा देणाऱ्यानें आपल्यासाठीं कोणीं प्रार्थना करावी अशी गरज कधीं दाखविली नाहीं, तर तोही एक प्रकारचा ताठाच. मंडळींत बसणें म्हणजे, मलाही कोणाची तरी गरज आहे, हें चारचौघांत कबूल करणें होय. हें कबूल करणें बैल ओढण्यापेक्षां जड जातें.

तेव्हां पुढील प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशीं उपदेशकानें हजेरीपट घरींच ठेवावा व दोन्ही घरीं जावें. पहिल्या गृहस्थास भाऊ कोठें आहे एवढेंच विचारावें, व तो हात करून दाखवील त्या दिशेस त्यास बरोबर घेऊन चालूं लागावें. तो अर्ध्या वाटेवरून परतला तर परतूं द्यावा. दुसऱ्या महिन्यांत पुन्हां जावें. भाऊ नांगर धरून असेल तर बांधावरच उभें राहावें, तास संपेपर्यंत हांक मारूं नये. त्याच्या घरून पाणी आलें तर प्यावें. आणि परततांना ज्या घराची बाई सतरंजीच्या कडेस बसते तेथें थांबून, तिच्याही हातचा चहा घ्यावा, पण तो अंगणांत उभ्यानें न घेतां आंत बसून घ्यावा.